शिडी, हिरवळ आणि हजेरी : इंग्लंडच्या नॉन-लीग फुटबॉलची नियमावली वाचताना

१

‘नॉन-लीग’ हे नाव मुळातच नकारातून आलेले आहे. १८८८ साली बारा क्लबांनी एकत्र येऊन इंग्लंडमध्ये ‘फुटबॉल लीग’ स्थापन केली. जगातली ही पहिली फुटबॉल लीग. पुढे तिच्यात क्लबांची भर पडत गेली, विभाग वाढले आणि १९५८ मध्ये चार विभाग व ब्याण्णव क्लब असा तिचा आकार ठरला. या ब्याण्णवांच्या बाहेर जे उरले, ते सगळे नॉन-लीग. त्यांत गावकीचे क्लब होते, गिरणी-कारखान्यांचे होते, पाद्र्यांनी काढलेले होते. हौशी होते आणि थोडाफार पगार देणारेही होते. त्यांच्याही स्वतःच्या लीग होत्याच. पण ‘लीग’ हा शब्द एकाच संस्थेच्या मालकीचा झाला होता.

आज या सगळ्या क्लबांची एकच उतरंड आहे. वर प्रीमियर लीग, तिच्याखाली इंग्लिश फुटबॉल लीगचे तीन विभाग, त्यांच्याखाली २४ क्लबांची नॅशनल लीग, मग तिचे उत्तर आणि दक्षिण विभाग, आणि त्याखाली पायरी-पायरीने पसरत गेलेल्या प्रादेशिक लीग. कागदावर पाहिले तर कोपऱ्यातल्या गावचा क्लबसुद्धा सामने जिंकत-जिंकत सर्वांत वरच्या पायरीवर पोचू शकतो. इंग्रजी फुटबॉलला या गोष्टीचा फार अभिमान आहे. अमेरिकेतल्या बंदिस्त लीगांकडे बोट दाखवून तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे दार उघडे आहे.

हे दार खरेच किती उघडे आहे, हे पाहायचे तर खेळाच्या वर्णनांपेक्षा नियमावली वाचावी लागते. नियमावली ही सहसा कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. पण एखाद्या संस्थेचे स्वतःविषयीचे खरे मत तिच्या गौरवगीतांत सापडत नाही, पोटनियमांत सापडते. नॉन-लीगच्या बाबतीत तीन गोष्टींचे नियम एकत्र ठेवून वाचण्याजोगे आहेत : वर जाण्याचे, मैदानाचे आणि मैदानावरच्या हिरवळीचे. या तिन्हींच्या मागे चौथी एक गोष्ट सतत साक्षीला उभी केली जाते, ती म्हणजे प्रेक्षकांची हजेरी.

२

१९८६ पर्यंत वर जाण्याचा नियम असा नव्हताच. होती ती निवडणूक. चौथ्या विभागातल्या तळाच्या चार क्लबांनी ‘फेरनिवडी’साठी अर्ज करायचा, बाहेरच्या इच्छुकांनीही अर्ज करायचा आणि लीगच्या वार्षिक सभेत मतदान व्हायचे. मतदार कोण? लीगमध्ये आधीच बसलेले क्लब. म्हणजे सोसायटीत घर हवे असेल तर सोसायटीच्याच सभासदांनी हात वर करायचे. या पद्धतीचे फळ आकड्यांत दिसते. चौथा विभाग सुरू झाल्यापासून ही पद्धत संपेपर्यंतच्या २८ वर्षांत मतदानाने बाहेर गेले ते फक्त पाच क्लब : गेट्सहेड (१९६०), ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू (१९७०), बॅरो (१९७२), वर्किंग्टन (१९७७) आणि साउथपोर्ट (१९७८). त्यांतला गेट्सहेड तर त्या वर्षी तळालाही नव्हता.

आत येणाऱ्यांची निवड गुणवत्तेवर होत होती, असेही म्हणता येत नाही. १९७२ मध्ये बॅरोच्या जागी हेरफर्ड युनायटेड आत आले. त्याच हंगामात हेरफर्डने एफए कपमध्ये पहिल्या विभागातल्या न्यूकॅसल युनायटेडला हरवले होते. चिखलाने माखलेल्या मैदानावर रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला गोल आजही दरवर्षी दाखवला जातो. मात्र सदर्न लीगमध्ये हेरफर्ड दुसरे होते. विजेते चेम्सफर्ड सिटी बाहेरच राहिले. हेरफर्डची लायकी कमी होती असा याचा अर्थ नाही. मते मागणाऱ्याला गुणतक्त्यापेक्षा कीर्तीचा उपयोग जास्त होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मते फुटू नयेत म्हणून १९७९ मध्ये नॉन-लीगच्या वरच्या क्लबांनी एक देशव्यापी लीग उभी केली – अलायन्स प्रीमियर लीग, म्हणजे आजच्या नॅशनल लीगची पूर्वज. तिचा पहिला विजेता ऑल्ट्रिंगहॅम. १९८० च्या सभेत रॉचडेलला २६ मते पडली आणि ऑल्ट्रिंगहॅमला २५. एका मताने क्लब बाहेर राहिला. पुढच्या वर्षी ऑल्ट्रिंगहॅमने ती लीग पुन्हा जिंकली आणि पुन्हा नकार घेतला. हंगामभर खेळून मिळवलेले गुण एका सभागृहातल्या हातांपुढे निकामी ठरतात, हे सगळ्यांना दिसले. अखेर १९८७ मध्ये थेट बढती आली. स्कारबरो वर गेला आणि लिंकन सिटी हा गुणांच्या हिशेबाने लीगबाहेर पडलेला पहिला क्लब ठरला.

३

मतपेटी गेली, पण पहारा गेला नाही. सात वर्षांतच तो दुसऱ्या वेशात परत आला. विजेत्या क्लबाचे मैदान लीगच्या निकषांत बसत नसेल तर त्याला वर घ्यायचे नाही, असा नियम होता. १९९४ मध्ये विजेते किडरमिन्स्टर हॅरियर्स, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड टाउन आणि १९९६ मध्ये स्टीव्हनेज बरो – सलग तीन वर्षे तीन विजेत्यांना हेच उत्तर मिळाले. त्यामुळे तळाला असलेले नॉर्थहॅम्प्टन, एक्सिटर आणि टॉर्की अनुक्रमे वाचले.

यातले मॅकल्सफील्डचे प्रकरण नियमावलीच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने वाचावे असे आहे. मॅकल्सफील्डचे मैदान मॉस रोज. याच मैदानावर १९९० ते १९९२ अशी दोन वर्षे चेस्टर सिटीने फुटबॉल लीगचे आपले घरचे सामने खेळले होते, कारण चेस्टरला स्वतःचे मैदान उरले नव्हते. लीगच्या सभासदाला चाललेले मैदान तीन वर्षांनी दारावर आलेल्या पाहुण्याला अपुरे ठरले.

स्टीव्हनेज न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कार्नवाथ यांनी जे म्हटले त्याचे सार असे, की आत असलेल्यांना लागू नसलेल्या कडक अटी बाहेरून येणाऱ्यांवर लादण्यात अन्याय आहे. मात्र स्टीव्हनेजने तक्रार हंगाम सुरू होण्याआधी करायला हवी होती, ती जिंकल्यावर केली, म्हणून दाद देता येणार नाही. अपिलातही निकाल कायम राहिला. नियमावर टीका झाली आणि नियम टिकला. मॅकल्सफील्ड १९९७ मध्ये, किडरमिन्स्टर २००० मध्ये वर गेले. स्टीव्हनेजला मात्र २०१० पर्यंत थांबावे लागले. चौदा वर्षे म्हणजे एका खेळाडूची सबंध कारकीर्द.

४

इथे लीगची बाजूही नीट मांडली पाहिजे. मैदानाचे निकष हवेतून आलेले नव्हते. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड सिटीच्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे गेली. चार वर्षांनी हिल्सबरोला चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. त्यानंतर ज्या संस्थेने मैदानांकडे डोळेझाक केली असती, ती गुन्हेगार ठरली असती. फळ्या, जिने, फाटके यांची तपासणी करणारा अधिकारी हा खेळाचा शत्रू नव्हे.

मैदान स्वतःचे किंवा दीर्घकाळ ताब्यात असले पाहिजे, या अटीलाही एक करुण आधार आहे : मेडस्टोन युनायटेड. केंट परगण्यातला हा क्लब १९८९ मध्ये लीगमध्ये आला तो स्वतःचे मैदान विकून, शेजारच्या डार्टफर्डच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळत. तीन वर्षांत कर्जाने तो बुडाला आणि ऑगस्ट १९९२ मध्ये लीगमधून बाहेर पडला.

पण तीच अट २०२४ मध्ये कशी लागू झाली पाहा. गेट्सहेडचा आजचा क्लब – १९६० मध्ये हकालपट्टी झालेल्या क्लबाचा वारस – नॅशनल लीगमध्ये सहावा आला आणि बढतीच्या प्लेऑफला पात्र ठरला. त्याचे मैदान नगरपालिकेच्या मालकीचे. लीगला दहा वर्षांच्या ताब्याची लेखी हमी हवी होती. ती वेळेत मिळाली नाही, म्हणून गेट्सहेडला प्लेऑफ खेळूच दिले नाही. काही आठवड्यांनी याच संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली.

नियम मेडस्टोनसाठी होता. शिक्षा गेट्सहेडला झाली. मालकाने मैदान विकून टाकलेला क्लब आणि सार्वजनिक क्रीडागारात खेळणारा क्लब यांत फरक करण्याची सोय त्या वाक्यात नाही. शिवाय असा काटेकोरपणा आतल्यांच्या बाबतीत कितपत दिसतो? बरी हा क्लब १८९४ पासून लीगमध्ये होता, दोनदा एफए कप जिंकलेला. त्याच्या मैदानात काही उणे नव्हते. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची मालकी अवघ्या एका पौंडात बदलली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये हंगामातला एकही लीग सामना न खेळता तो लीगबाहेर काढला गेला. दारावर येणाऱ्याच्या खुर्च्या मोजणाऱ्या व्यवस्थेला घरातल्या माणसाची चोपडी वेळेवर तपासता आली नाही.

५

आता हिरवळ. आपल्या शहरांत तासाच्या भाड्याने मिळणारे ‘टर्फ’ आता सगळ्यांच्या परिचयाचे आहे. रात्री दिव्यांखाली पाच-पाच किंवा सात-सात जण खेळतात ते. इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांच्या कृत्रिम मैदानाचे अर्थकारण तसेच आहे. नैसर्गिक गवत आठवड्याला मोजकेच तास खेळ सोसते. इंग्लंडच्या हिवाळ्यात पाऊस आणि दहिवर यांनी सामने रद्द होतात, आणि सामना रद्द म्हणजे दारावरचा पैसा, चहाचा पैसा, बारचा पैसा बुडाला. प्लास्टिकच्या पात्यांत वाळू आणि रबराचे कण भरलेले ‘थ्री-जी’ मैदान सकाळपासून रात्रीपर्यंत वापरता येते. शाळेची मुले, मुलींचे संघ, प्रौढांचे चालते फुटबॉल हे सगळे त्याच मैदानावर खेळतात आणि भाड्याने क्लबाचा संसार चालतो.

पहिल्या पिढीची प्लास्टिकची हिरवळ बदनाम झाली ती योग्यच होती. १९८१ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने लोफ्टस रोडवर ती आणली. मग लूटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टन यांनी. चेंडू डोक्यावरून उसळायचा, घसरलेल्या खेळाडूच्या मांड्या सोलून निघायच्या, आणि यजमानांना सवयीचा फायदा मिळायचा. प्रेस्टनने १९९४ मध्ये ती उखडली आणि लीगमधून कृत्रिम मैदाने गेली. बंदी मात्र मागे राहिली.

दरम्यान तंत्र बदलले. मेडस्टोनचा नव्याने उभा राहिलेला क्लब २०१२ मध्ये थ्री-जी हिरवळ असलेल्या स्वतःच्या नव्या मैदानावर आला. बेघर होऊन मेलेला क्लब ज्या गोष्टीने पुन्हा घरचा झाला, ती ही हिरवळ. २०१४-१५ पासून एफए कपच्या सर्व फेऱ्या अशा मैदानांवर खेळायला परवानगी मिळाली. २०१५ मध्ये नॅशनल लीगच्या तेव्हाच्या क्लबांनीही मतदानाने ती स्वीकारली. त्याच वर्षी कॅनडात झालेला महिलांचा विश्वचषक तर संपूर्णपणे कृत्रिम मैदानांवर खेळला गेला. म्हणजे विश्वचषकाचा अंतिम सामना ज्यावर होऊ शकतो, त्यावर इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा सामना होऊ शकत नाही. आणि ज्या वेम्बलीला खऱ्या गवताची पंढरी मानतात, तिथल्या मैदानातही २०१० पासून गवताच्या मुळांशी प्लास्टिकचे धागे शिवलेले आहेत. प्लास्टिकला मनाई नाही; मनाई आहे ती छोट्याला परवडणाऱ्या प्लास्टिकला.

या बंदीची किंमत तीन क्लबांनी लागोपाठ मोजली. हॅरोगेट टाउनने २ ऑगस्ट २०२० रोजी वेम्बलीच्या रिकाम्या स्टेडियमवर नॉट्स काउंटीला ३-१ असे हरवून बढती मिळवली. मग स्वतःचे मैदान उखडले आणि गवत रुजेपर्यंत डॉन्कास्टरला भाड्याने खेळले. सटन युनायटेडने २०२१ मध्ये तेच केले, ब्रॉम्लीने २०२४ मध्ये तेच. लीगमध्ये आल्याचा पहिला खर्च कुठल्या खेळाडूवर झाला नाही. ज्या मैदानाने आपल्याला वर आणले, ते फेकून देण्यावर झाला. आणि त्या मैदानावर संध्याकाळी खेळणारी मुले दुसरीकडे जागा शोधत गेली.

विरुद्ध बाजूला दम नाही असे नाही. खेळाडूंच्या संघटनांचा आणि अनेक प्रशिक्षकांचा या मैदानांवर गुडघे-घोट्यांच्या काळजीपोटी आक्षेप आहे. स्कॉटलंडच्या प्रीमियरशिपमधल्या क्लबांनीच २०२४ मध्ये कृत्रिम मैदाने २०२६-२७ पासून बंद करण्याचा निर्णय घेतला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा मैदानांत भरल्या जाणाऱ्या रबरी कणांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीने बंदी आणली, कारण ते कण मातीत आणि पाण्यात जातात. ही कारणे गंभीर आहेत. पण ती खरी मानली तर नॅशनल लीगमधल्या खेळाडूचा गुडघा आणि त्याच्या गावचा ओढाही तितकाच मोलाचा मानावा लागेल. जी गोष्ट एका पायरीवर धोक्याची आणि खालच्या पायरीवर चालणारी, तिच्याविषयीचा नियम आरोग्याचा राहत नाही. तो इभ्रतीचा होतो.

६

आणि हजेरी? जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘द गुड कम्पॅनियन्स’ या १९२९ च्या कादंबरीची सुरुवातच सामना सुटल्यावर रस्त्यात लोटलेल्या गर्दीने होते. ब्रडर्सफर्ड हे तिथले गाव काल्पनिक आहे, पण गर्दी खरी आहे : दिवसभर राबणाऱ्या माणसांना त्या दीड तासात आपण कोणीतरी आहोत असे वाटते. नॉन-लीगची हजेरी मोजताना हा अर्थ आकड्यातून निसटतो.

आकडे दोन्ही बाजू वापरतात. वरचे म्हणतात, ज्यांच्याकडे हजार-दीड हजार माणसे येतात त्यांनी लीगमध्ये येऊन काय करायचे? खालचे म्हणतात, आमच्याकडे बघा. २०२२-२३ मध्ये मेडो लेनवर नॉट्स काउंटीच्या एका नॉन-लीग सामन्याला १६ हजारांवर माणसे आली. २०१५ च्या बढतीच्या अंतिम सामन्याला वेम्बलीवर ४७ हजारांहून अधिक. त्याआधी, १९५१ मध्ये पेगासस आणि बिशप ऑकलंड या निव्वळ हौशी संघांचा अंतिम सामना पाहायला वेम्बलीवर एक लाख लोक होते.

पण आकड्याला त्याची जागा विचारली पाहिजे. सटनच्या गँडर ग्रीन लेनवर १९७० मध्ये लीड्सविरुद्ध सुमारे १४ हजार प्रेक्षक होते. २०१७ मध्ये त्याच मैदानावर आर्सेनलविरुद्ध पाच हजारांच्या आसपास. सटनची लोकप्रियता तिसऱ्या हिश्श्यावर आली होती का? नाही, मधल्या काळात मैदानात किती माणसे सोडायची याचा कायदा बदलला होता. हजेरी ही क्षमतेची सावली असते. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचे नेल्सवर्थ हे जेमतेम सहा हजार वस्तीचे गाव. २०१७ मध्ये ते लीगमध्ये पोचले आणि सात हंगाम टिकले. वस्तीच्या मानाने पाहिले तर तिथला दोन हजारांचा जमाव मोठ्या शहराच्या पन्नास हजारांहून मोठा आहे.

म्हणून हजेरीवर बढती ठरवू नये. आणि खालच्यांनीही आपली बाजू केवळ गर्दीवर उभी करू नये. त्यांचा खरा युक्तिवाद साधा आहे. प्रीमियर लीगमधून तीन क्लब खाली येतात, तीन वर जातात. त्याखालच्या पायरीवरही तीन. त्याच्याही खाली चार. फक्त लीग आणि नॉन-लीग यांच्या सीमेवर तो आकडा दोन आहे, आणि तोही २००३ पासून. त्याआधी एकच होता. २०२२-२३ मध्ये नॉट्स काउंटीने १०७ गुण मिळवले आणि तरी ते दुसरे आले, कारण रेक्सहॅमचे १११ होते; प्लेऑफमध्ये पेनल्टींवर ते कसेबसे सुटले. दोन वर्षांनी यॉर्क सिटी ९६ गुणांसह दुसरे आले आणि सुटले नाही. पाचव्या आलेल्या ओल्डहॅमने त्यांना हरवून पुढे बढती घेतली. त्याच वर्षी नॅशनल लीगच्या क्लबांनी तिसऱ्या जागेची मागणी एकमुखाने केली. मागणीवर मत देणारे कोण? आत बसलेले क्लब. १९८० ची सभा संपलेली नाही. तिचा विषय बदलला आहे.

७

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नाही, हे गोव्याला ठाऊक आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये शिडीच नव्हती. जागा फ्रँचायझींना दिल्या होत्या. जुनी आय-लीग दुय्यम होणार हे दिसताच २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी तिच्यातून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो त्यात होता. आय-लीग जिंकून हक्काने वरच्या लीगमध्ये जाणारा पहिला क्लब पंजाब एफसी. त्याला २०२३ उजाडले. इंग्लंडमध्ये शिडीच्या एका पायरीवर पहारा आहे. आपल्याकडे नऊ वर्षे शिडीच नव्हती. तुलनेत इंग्लंडचे चित्र चांगले दिसते, पण म्हणून तिथला पहारा न्याय्य ठरत नाही.

नियमावली वाचून हाती येते ते इतके : माणसांच्या जिवाशी निगडित नियम कडक असावा आणि आत-बाहेर दोघांना सारखा असावा. पैशाशी निगडित नियम घरातल्या माणसापासून सुरू व्हावा. आणि हिरवळीचा नियम, जर ती खरेच घातक असेल तर, सर्व पायऱ्यांवर एकाच मुदतीने लागू व्हावा. घातक नसेल तर वर येणाऱ्याला ती काही हंगाम ठेवू द्यावी. चौथ्या विभागात एक हंगाम टिकेल की नाही याची शाश्वती नसलेल्या क्लबाला लाखो पौंडांचे मैदान बदलायला लावणे म्हणजे जिंकल्याबद्दल दंड करणे आहे.

सटन युनायटेड १८९८ साली स्थापन झाला. लीगमध्ये यायला त्याला १२३ वर्षे लागली. लीगच्या अटीसाठी त्याने मैदान उखडले, गवत लावले, आणि तीन हंगामांनी, २०२४ मध्ये, तो पुन्हा नॉन-लीगमध्ये आला. जिथे तो परत आला, तिथे थ्री-जी चालते.